करंगळीचा सलाम

१

समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. हात हलवायचा नाही, मान डोलवायची नाही, दात तर मुळीच दाखवायचे नाहीत. उजव्या हाताची तर्जनी तेवढी वर करायची आणि आपल्या वाटेनं जायचं. खाणींच्या मुलखात तासातासानं एखादी गाडी दिसते. तिच्यातला माणूस ओळखीचा असो वा नसो, त्याला 'पाहिलं बरं का तुला' एवढं न सांगता पुढे जाणं म्हणजे शुद्ध माज. बोट उचलायचं ते मात्र चालवणाऱ्यानं. शेजारी बसलेल्यानं उचललं, तर तो शहरातून आलेला पाहुणा समजावा.

ग्लेनिस टॅरंटचं बोट तर तिला विचारतही नसे. तेवीस वर्षं तिनं सोन्याच्या खाणीवर कामगारांची बस चालवली होती. पाळी बदलायच्या वेळी ती नवी माणसं घेऊन फाटकाशी पोचायची, तेव्हा सुटणाऱ्या माणसांनी भरलेली दुसरी बस कडेला घरघरत उभी असायची. ग्लेनिसनं बोट उचललं की ती निघायची. माझी माणसं आली, तुझी सुटली, एवढाच त्याचा अर्थ. त्याआधी चाक हलायचं नाही, कोणी जागा सोडायची नाही.

आता ती आणि तिचा नवरा क्लेम दोघंही निवृत्त होऊन जेराल्डटनला समुद्रकाठी राहायला आली होती, आणि तिथे आठ महिन्यांत क्लेम पार आंबला होता. सकाळी खुर्चीत बसायचा तो संध्याकाळीच उठायचा. थट्टा नाही, खोड्या नाहीत, ग्लेनिसच्या स्वयंपाकाला नावं ठेवणंसुद्धा बंद. हे शेवटचं तिला सगळ्यांत जास्त लागलं. तिला तिचा वात्रट नवरा परत हवा होता. म्हणून तिनं कागदावर चार गावं लिहिली: यल्गारा, कॉपर गली, सेंट ओस्वाल्ड आणि विडगी वेल. क्लेमनं तरुणपणी जिथे जिथे खाणीत घाम गाळला ती गावं, उलट्या क्रमानं. विडगी वेल ही त्याची सगळ्यांत पहिली खाण, म्हणून यादीत शेवटी, आणि ते गाव ग्लेनिसनं कधी पाहिलंच नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं स्वयंपाकघरात बसवून त्याचे केस कापले आणि उजव्या कानावर कात्री जरा जास्तच चालली.

"हे काय केलंस?" आरशात पाहून क्लेम म्हणाला. "मेंढ्या भादरणारासुद्धा एवढं वाकडं भादरत नाही."

आठ महिन्यांतली ती पहिली थट्टा. ग्लेनिसला इतका आनंद झाला की तिनं जाऊन गाडीत चार डबे बिस्किटं जास्त भरली.

२

यल्गारा सोडलं तेव्हा क्लेम पूर्ण माणसात आला होता. गाडी तोच चालवत होता, शर्टावर खिमा भरलेल्या 'पाय'मधला सॉस सांडून घेतला होता, आणि रस्त्यानं धावणाऱ्या एमूंना नातेवाइकांची नावं देत होता.

"ती बघ तुझी मावशी. तशीच मान, तसंच कारण नसताना धावणं."

"आणि मागे रेंगाळलेला तो तू," ग्लेनिस म्हणाली.

समोर क्षितिजावर धुळीचा एक लाल ठिपका उठला. बऱ्याच वेळानं त्यातून एक गाडी निघाली. मोहरीच्या रंगाची जुनी पिकअप, दुहेरी केबिनची, एक दिवा फुटलेला. जवळ आली तसा क्लेमनं हात उचलला.

क्लेमच्या उजव्या हाताला तर्जनी नव्हती. विडगी वेलच्या खाणीत ती मुळापासून गेली होती, लग्नाच्या कितीतरी आधी. तेव्हापासून तो रस्त्यावर करंगळी उचलायचा. नव्यानं ओळख झाली तेव्हा ग्लेनिसनं विचारलं होतं, शेजारचं बोट का नाही उचलत? "उचललं होतं एकदा," तो म्हणाला होता. "ट्रकवाला दहा किलोमीटर पाठीमागे लागला मारायला."

पिकअप सूं करत गेली. चालवणाऱ्याचा हात स्टिअरिंगवर होता आणि त्याची करंगळी ताठ उभी होती.

क्लेमनं स्टिअरिंगवर अशी थाप मारली की भोंगाच वाजला.

"बघितलंस? करंगळी! अगं राणीसरकार, करंगळी!"

"तुझी टिंगल केली असेल."

"टिंगलच! पण ती टिंगल फक्त आमच्या टोळीची." त्याचा चेहरा उजळला होता. "बोट गेलं तेव्हा मी विडगीच्या दवाखान्यात पडलो होतो. हाताला हे एवढं बँडेज, आणि त्यातून करंगळी तेवढी बाहेर. खिडकीखाली आमची टोळी गाडी घेऊन आली. लेस, यानेक, ब्लू आणि गॉर्डी. मी हात केला, तर चारही गाढवांनी चार करंगळ्या वर केल्या! मी हसून हसून टाके उसवून घेतले."

ग्लेनिसही हसली. ही गोष्ट तिनं आजवर ऐकली नव्हती.

"मग आता कुठे असतात ते?"

"गेले," क्लेम म्हणाला आणि पाण्याची बाटली मागितली.

खाणीतली माणसं जातातच, या खाणीवरून त्या खाणीवर. ग्लेनिसनं जास्त विचारलं नाही. कोणीतरी ओळखीचं या मुलखात अजून आहे, या कल्पनेनं तिलाच जास्त हुरूप आला होता.

३

दुसऱ्या दिवशी कॉपर गलीच्या पुढे तीच पिकअप पुन्हा समोरून आली.

मोहरीचा रंग, फुटलेला दिवा. काल ती यल्गाराच्या दिशेनं गेली होती, म्हणजे त्यांच्या पाठीमागे. आज ती पुढून येत होती. या वेळी ती जरा सावकाश गेली, म्हणून ग्लेनिसला आतलं दिसलं. पुढे दोघं, मागे तिघं. चार करंगळ्या वर होत्या.

"ओ हो हो!" क्लेमनं करंगळी उंच केली. "बघ, बघ त्यांना!"

ग्लेनिस मात्र पाचव्याकडे बघत होती. तो मागे उजव्या खिडकीशी बसला होता. त्यानं काहीच वर केलं नव्हतं. तो फक्त यांच्या गाडीत डोकावून पाहत होता, आणि पाहत होता तो क्लेमकडे.

पुढच्या पंपावर क्लेम टाकी भरत असताना ग्लेनिस आत गेली. गल्ल्यावर एक जाडजूड बाई पंख्यासमोर बसून शब्दकोडं सोडवत होती.

"काय हो, मोहरीच्या रंगाची पिकअप गेली का आत्ता इथून?"

"सकाळपासून तुम्ही पहिल्याच," बाई म्हणाली. "तुमच्याआधी एक सरडा आला होता, पण त्यानं काही घेतलं नाही."

"आम्हाला समोरून भेटली ना ती. अर्ध्या तासापूर्वी. इकडूनच आली असणार."

"रस्ता तर हा एकच." बाईनं पेन्सिल कानामागे खोचली. "ऊन लागलंय का तुम्हाला? पाणी देऊ?"

ग्लेनिसनं पाणी घेतलं. गाडीकडे जाताना तिनं मनाशी हिशेब जुळवून पाहिला. एखाद्या कंपनीच्या एकसारख्या दोन गाड्या असतील. दोन्हींचा तोच दिवा फुटला असेल. किंवा रानातून एखादी कच्ची वाट असेल, जी पंपवालीला माहीत नाही. तेवीस वर्षं या मुलखात बस चालवून तिला पक्कं ठाऊक होतं की अशा वाटा पंपवालीला माहीत असतात. पण क्लेम टाकीचं झाकण लावताना शीळ घालत होता. त्याची शीळ तिनं आठ महिन्यांत ऐकली नव्हती, म्हणून तिनं तोंडाला कुलूप लावलं.

४

सेंट ओस्वाल्डला हॉटेल एकच, पत्र्याचं, वर खोल्या आणि खाली दारूचा गुत्ता. दुपारच्या उन्हात खोलीचा पत्रा टकटक वाजत होता. क्लेम पलंगावर पाय पसरून बिस्किटं खात होता.

"क्लेम, ते चौघं गेले म्हणजे कुठे गेले?"

त्यानं हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

"विडगी वेल गावापासून खाण अडतीस किलोमीटर," तो म्हणाला. "सरळ सपाट रस्ता. एक वळण नाही, ओढा नाही, लपायला झुडूप नाही. मी दवाखान्यात होतो त्या आठवड्यात एका सकाळी ते निघाले आणि खाणीवर पोचलेच नाहीत."

"अपघात?"

"गाडीच सापडली नाही. महिनाभर शोधलं. विमानं फिरवली." त्यानं हातावरचा चुरा झटकला. "म्हणून तर काल मी वेडा झालो, ग्लेन. कोणीतरी त्यांची आठवण ठेवून करंगळी वर करतं. त्यांची मुलं असतील. मुलंच असणार."

मुलं त्याच गाडीतून फिरतात? ग्लेनिसच्या जिभेवर आलं होतं. तिनं दुसरंच विचारलं.

"गाडीत चौघंच होते का?"

"पाच. माझ्या जागी एक बदली दिला होता. मागे खिडकीशी बसायचो मी." क्लेम छताकडे पाहू लागला. "त्याच आठवड्यात बसमधून उतरलेला माणूस. त्याचं नाव कोणाला नीटसं कळलंही नव्हतं. त्याला सांगितलं होतं, टॅरंट येईपर्यंत त्याची जागा धर. मला कितीदा वाटलं, एकदा जावं नि त्याला सांगावं, की बाबा रे, झालं, सूट आता. पण सांगणार कोणाला?"

ग्लेनिस जाऊन त्याच्याजवळ बसली. चाळीस वर्षं या माणसानं हे पोटात ठेवलं आणि आपल्याला पत्ता लागू दिला नाही, याचा तिला रागही आला आणि कणवही आली. तिनं त्याचा चार बोटांचा हात हातात घेतला.

सकाळी, सूर्य नुकताच वर आला असताना, ती भोंग्यानं जागी झाली. दोन आखूड आवाज. पीप पीप. मग खाली भिंतीलगत इंजिन घरघरत राहिलं, इतकं जवळ की खिडकीची काच थरथरत होती.

क्लेम झोपेतच हसला. "आलो रे," तो पुटपुटला, आणि एक पाय पलंगाखाली बूट शोधू लागला.

ग्लेनिसनं जाऊन पडदा सारला. खाली लाल रस्ता रिकामा होता. एक कुत्रं सावलीत आडवं पडलं होतं आणि त्यानं मानही उचलली नाही. इंजिनाचा आवाज तिच्या कानांत हळूहळू विरत गेला.

"आम्हाला सकाळी न्यायला यायचे ना, असाच भोंगा वाजवायचे," दाढी करताना क्लेम म्हणाला. "मस्त स्वप्न पडलं होतं." गालाला साबण, वाकडे कापलेले केस, आणि चेहरा सहलीला निघालेल्या पोरासारखा.

५

तिसऱ्यांदा ती दिसली तेव्हा ग्लेनिस वाटच पाहत होती.

पिकअप या वेळी जवळजवळ थांबली. क्लेमनंही गाडी हळू केली. समोरच्या चौघांचे चेहरे उन्हाच्या चकाकीत नीट दिसत नव्हते, पण ते हसत होते एवढं कळत होतं. चार करंगळ्या. पाचव्यानं तळहात काचेला टेकवला होता. बदली माणूस उशिरा आला की पाळी संपलेला कामगार जसा पाहतो, तसा तो क्लेमकडे पाहत होता. रागानं नाही. फार थकून.

ग्लेनिसनं उजवा पाय आपटला, जणू अ‍ॅक्सिलरेटर तिच्याकडे होता. "थांबू नकोस! क्लेम, थांबायचं नाही!"

"अगं पण..."

"मी सांगते ना!"

क्लेमनं पाय दाबला. पिकअप मागे पडली. ग्लेनिसनं वळून पाहिलं, तर मागे नुसती धूळ होती.

"प्रत्येक वेळी जास्त हळू होतायत," क्लेम म्हणाला. तो घाबरला नव्हता, हेच भयंकर होतं. त्याचे डोळे चमकत होते. "पुढच्या वेळी थांबतील बघ."

ग्लेनिसनं डोकं चालवलं. वेडेपणा तर वेडेपणा, पण त्यालाही काही रीत असेल. पहिल्यांदा भरधाव, मग सावकाश, मग जवळजवळ उभी. आणि दर वेळी काय झालं होतं? क्लेमनं करंगळी उचलली होती. हा त्यांना बोलावतोय. न बोलावता कोण कशाला थांबेल?

"परत फिरू या," ती म्हणाली.

"आणि विडगी वेल? चाळीस वर्षांनी इथपर्यंत येऊन?" क्लेमचा चेहरा असा पडला, की त्यात तिला ती समुद्रकाठची खुर्ची पुन्हा दिसली. "नको ना गं. एकदा तो रस्ता बघतो. बस."

तिला नाही म्हणवेना.

६

विडगी वेल गावात आता एक पाण्याची टाकी आणि अर्धी भिंत उरली होती. क्लेमनं भिंतीला हात लावला, दवाखान्याची खिडकी कुठे होती ते दाखवलं, आणि डोळे पुसले. मग दोघं खाणीच्या रस्त्याला लागली. या वेळी किल्ली ग्लेनिसकडे होती.

"माझं लायसन काढून घेतलं की काय, राणीसरकार?"

"तुझ्या करंगळीला आज सुट्टी. शेजारी बसणारा बोट उचलत नाही, माहितीये ना नियम?"

"माहितीये, माहितीये." त्यानं आज्ञाधारकपणे दोन्ही हात मांड्यांखाली घातले. "पण ते आले तर डोळा मारला तर चालेल?"

"मार. पण मला."

तो खदखदून हसला. अकराचं ऊन डोक्यावर होतं. रस्ता खरोखरच दोरी ताणल्यासारखा होता. ग्लेनिसनं दोन्ही मुठी स्टिअरिंगवर अशा आवळल्या होत्या की पेरं पांढरी पडली. कोणी का येईना समोरून, मी उचलणार नाही. देव उतरला तरी नाही.

एकविसाव्या किलोमीटरला ती दिसली. ती येत नव्हती. रस्त्याच्या कडेला, यांच्याकडे तोंड करून, ती उभी होती. इंजिन चालू होतं, टप थरथरत होता. आत माणसं गच्च बसून होती आणि वाट बघत होती.

"ग्लेन," क्लेम हळूच म्हणाला. "ते बघ. माझीच पोरं आहेत गं ती."

"बघू नकोस. बोलू नकोस." तिनं नजर रस्त्याच्या मधोमध रोवली. शंभर मीटर. पन्नास. घरघर आता तिच्या हातांतून वर चढत होती. फाटकाशी उभ्या बसची असायची तशीच घरघर. रोजची. तेवीस वर्षं रोजची. सुटायला आतुर झालेली माणसं, आणि तिच्या गाडीत आलेला नवा माणूस.

तिच्या उजव्या हाताची तर्जनी वर झाली.

तिला ती दिसली तेव्हा ती वर झालेली होती. तिनं झटक्यात मिटली, पण तोवर पिकअपचं चाक हललं होतं. ती सावकाश यांच्या बाजूनं निघाली. पुढची खिडकी गेली. मागची खिडकी आली. तिथे एक माणूस बाजूच्या दोघांकडे मान वळवून, पोट धरून हसत होता. त्याच्या उजव्या कानावरचे केस वाकडे कापलेले होते. काचेशी एक करंगळी उभी होती.

इतका खुशीत तिनं त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

७

गाडी आपोआप चालावी तशी चालत होती. आरशात नुसती धूळ होती, मग तीही बसली.

शेजारची जागा रिकामी नव्हती. कोणीतरी श्वास घेत होतं. सीटचा पट्टा जरा करकरला. ग्लेनिसला वाटलं, चकाकी होती. उन्हानं डोळे दिपले. मी घाबरले होते, मला काहीबाही दिसलं. क्लेम इथेच आहे. आता तो काहीतरी वात्रट बोलेल.

"क्लेम?" तिनं समोर बघतच हाक मारली. "माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेव ना रे."

थोड्या वेळानं पायाशी ठेवलेल्या थर्मासचं झाकण फिरवल्याचा आवाज झाला. चहा ओतला गेला, घोटाघोटानं प्यायला गेला, पुन्हा ओतला गेला. चार कप झाले. थर्मास रिकामा झाला तेव्हा एक लांब सुस्कारा आला, पाळी संपलेल्या माणसाचा.

मान वळवायची तिची छाती झाली नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला फक्त गुडघ्यावर टेकवलेला कप दिसत होता आणि त्याभोवतीचा उजवा हात. तिनं बोटं मोजली. मग पुन्हा मोजली.

समोरून मालाचा एक लांबलचक ट्रक येत होता. ग्लेनिसचे हात स्टिअरिंगवर थिजले होते, तिनं बोट उचललं नाही. ट्रक जवळ आला तशी शेजारच्यानं कप खाली ठेवला, आणि तिचं राहून गेलेलं काम आपण करावं तशी तर्जनी वर केली.